गणपतीच्या आराशीतलं इंजिन: मेलेली बॅटरी काढून सुपर कॅपॅसिटर कसा बसवावा

परदेशातल्या मामाने किंवा आतेभावाने आणलेलं ओ गेजचं, म्हणजे मोठ्या मापाच्या खेळण्यातल्या रेल्वेचं, इंजिन वर्षातले अकरा महिने माळ्यावर पडून असतं. श्रावण सरत आला की खोका खाली येतो, आराशीभोवती रूळ जोडले जातात आणि ट्रान्सफॉर्मरची मूठ फिरते. इंजिन धावतं. पण दिशा बदलायला बटण दाबलं की भोंगा, घंटा, वाफेच्या धापा सगळं एकदम गप्प होतं. पुन्हा करंट मिळाला की आवाज पहिल्यापासून सुरू होतो, किंवा होतच नाही. अशा वेळी ‘बोर्ड गेला’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. बोर्ड, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, कधीकधी गेलेला असतोही, पण आधी पोटातली बॅटरी बघा.

हा लेख १९९० च्या दशकापासून आलेल्या, आवाजाच्या, तीन रुळांवर चालणाऱ्या आणि आत ८.४ व्होल्टची चार्ज होणारी बॅटरी असलेल्या इंजिनांसाठी आहे. एमटीएच या अमेरिकन कंपनीच्या पहिल्या प्रोटोसाउंडमध्ये (आवाज आणि चाल सांभाळणारी तिची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आणि प्रोटोसाउंड २ च्या सुरुवातीच्या बोर्डांमध्ये अशी बॅटरी असते. ती दिसायला रिमोट-खेळण्यांतल्या नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलसारखीच असते. तिचं इंजिन ओढण्याशी काही देणंघेणं नाही. मोटर रुळातल्या एसी करंटवर चालते. दिशा बदलताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर करंट तोडतो, तेवढा वेळ आवाज टिकवणं आणि गाडी बंद करताना बोर्डाला आपल्या नोंदी नीट जपून ठेवू देणं, एवढंच या बॅटरीचं काम.

या बॅटरीत १.२ व्होल्टचे सात छोटे सेल एकामागे एक असतात. निकेल-कॅडमियम असो वा निकेल-मेटल हायड्राइड, न वापरता ठेवली तरी ती आपसूक उतरत जाते. सातांतला एखादा सेल इतरांच्या आधी रिकामा होतो, मग बाकीचे सहा त्याच्यातून उलटा करंट ढकलतात आणि तो कायमचा बसतो. रोज चालणाऱ्या इंजिनात बॅटरी बरीच वर्षं टिकेल. वर्षातून दहा दिवस चालणाऱ्या इंजिनात ती मरते ती कामाने नाही, रिकामपणाने. त्यात आमच्या बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडचा पाऊस आणि चार महिन्यांची ओल. बॅटरी पाझरली तर पांढरट-हिरवा थर थेट बोर्डाच्या तारांपर्यंत चढतो.

या बॅटरीच्या जागी बसवायचा सुपर कॅपॅसिटर म्हणजे थोडी वीज झटपट साठवून तशीच झटपट देणारा सुटा भाग. त्याला रिकामं राहण्याचं वावडं नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याची मर्यादाही तेवढीच ठळक आहे. बॅटरी म्हणजे विहीर आणि कॅपॅसिटर म्हणजे घागर. नळाला पाणी आलं की भरून घ्यायची आणि तेवढ्यावरच भागवायचं. चांगल्या स्थितीतल्या १५० मिलीअँपिअर-तासाच्या बॅटरीत साधारण ४,५०० जूल ऊर्जा मावते. आपण बनवणार आहोत त्या संचात ८ व्होल्टला जेमतेम ४० जूल. म्हणजे शंभरावा हिस्साही नाही. पण बोर्डाला हवे असतात काही सेकंद, आणि तेवढ्याला ४० जूल पुरतात.

कुठे बसवू नये

आधी बॅटरीच्या खणातलं किंवा माहितीपत्रकातलं लिखाण वाचा. तिथे साधी अल्कलाइन नऊ व्होल्टची बॅटरी घाला असं लिहिलं असेल, तर बहुधा त्या बोर्डात चार्ज करणारा भागच नसतो. तिथे कॅपॅसिटर बसवणं म्हणजे विहीर बुजवून रिकामी घागर ठेवणं. याच्या उलट चूकही घडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या जागी पटकन मिळाली म्हणून अल्कलाइन घातली जाते, बोर्ड तिच्यात करंट ढकलत राहतो आणि ती फुटते किंवा पाझरते. यूएसबीने चार्ज होणाऱ्या नऊ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या हल्ली मिळतात, त्याही इथे नकोत. त्यांच्या आत स्वतःचं सर्किट असतं, त्यात बाहेरून उलटा करंट जाऊ देऊ नये.

प्रोटोसाउंड २ च्या नंतरच्या बोर्डांत २.४ व्होल्टची दोन सेलांची बॅटरी असते. तिच्यासाठी घरी कॅपॅसिटर बनवू नका, असंच आम्ही सांगू. इतक्या कमी व्होल्टेजला झेनर डायोड (व्होल्टेज ठरावीक आकड्याच्या वर जाऊ न देणारे भाग) नेमक्या आकड्यावर करंट अडवत नाहीत, आधीपासूनच गळू लागतात. व्होल्टेज वर गेलं तर नाजूक बोर्डाला धोका. तिथे हळू उतरणारे म्हणून मिळणारे दोन चांगले निकेल-मेटल हायड्राइड सेल टाका आणि दर दोन-तीन महिन्यांनी इंजिन अर्धा तास रुळावर ठेवा.

आधी मोजा, मग विकत घ्या

इथे घाई करणाऱ्यांचे पैसे वाया जातात. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि १०० ओहम, २ वॅटचा एक रेझिस्टर जवळ ठेवा.

इंजिन पाळण्यात किंवा जाड स्पंजवर उलटं ठेवून मगरपकडीच्या तारांनी करंट द्या, किंवा रुळावर न्यूट्रलमध्ये (करंट चालू, पण चाकं थांबलेली) उभं करा. बॅटरी काढा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टोपीच्या (बॅटरीवर दाबून बसणाऱ्या जोडणीच्या) दोन टोकांवर लावा. ट्रान्सफॉर्मर आधी १० ते १२ व्होल्टवर, मग पूर्ण १८ व्होल्टवर नेऊन दोन्ही आकडे लिहून ठेवा. मीटर शून्य दाखवत असेल तर चार्जिंगचा मार्ग नाही किंवा तो तुटला आहे. काम तिथेच थांबवा. सात सेलांची बॅटरी पूर्ण भरायला दहा व्होल्टच्या आसपास लागतातच, म्हणून मोकळ्या टोकांवर त्याहून मोठा आकडा आला तर घाबरायचं कारण नाही. पण तेवढं व्होल्टेज कॅपॅसिटरपर्यंत पोचू द्यायचं नाही, हे डोक्यात ठेवा.

आता तोच १०० ओहमचा रेझिस्टर टोपीच्या दोन टोकांत दोन-तीन सेकंद धरा आणि त्याच्यावरचं व्होल्टेज मोजा. व्होल्टच्या आकड्याला दहाने गुणलं की करंट मिलीअँपिअरमध्ये मिळतो. ३ व्होल्ट आले तर ३० मिलीअँपिअर. ५० च्या आत असेल तर बोर्ड स्वतःच करंट आवरतो आहे आणि तुमचं काम सोपं झालं. ५० च्या वर गेला तर तोच रेझिस्टर कायमचा बसवावा लागेल. तो कसा, ते पुढे येईल.

ट्रान्सफॉर्मरबद्दल एक गोष्ट. अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो आणि आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मध्ये स्टेपडाउन घातला तरी हर्ट्झ बदलत नाहीत, त्यामुळे लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर इथे जरा जास्त तापतो. आरतीपासून झोपेपर्यंत सलग चालू ठेवू नका. आणि लाईट गेली की मूठ आधी शून्यावर आणा, म्हणजे परत येतानाचा झटका बोर्डाला बसत नाही.

काय घ्यायचं

इलेक्ट्रिकच्या दुकानात नुसतं ‘कॅपॅसिटर द्या’ म्हणाल तर पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा किंवा विहिरीच्या मोटारीचा कंडेन्सर हातात पडेल. आपल्याला हवा ५ फॅरडचा, म्हणजे पंख्याच्या कंडेन्सरच्या वीस लाख पट. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानातच मिळतो. गावात नसेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा बेंगळूरच्या एस. पी. रोडवरून मागवता येतो. बेळगावकरांना दोन्हीकडे कोणी ना कोणी जाणारा-येणारा असतोच.

एका इंजिनाला लागणारं सामान असं: २.७ व्होल्ट, ५ फॅरडचे उभट डबीसारखे सुपर कॅपॅसिटर चार (मापात जुळणारे निवडण्यासाठी सहा घ्या), १० किलो-ओहम, पाव वॅटचे रेझिस्टर चार, ९.१ व्होल्ट, १ वॅटचा झेनर डायोड एक (१एन४७३९ए). करंट जास्त निघाला असेल तर १०० ओहम, २ वॅटचा रेझिस्टर आणि १एन५८१९ शॉटकी डायोड एकेक. श्रिंक ट्यूब, उष्णता सोसणारी कॅप्टन टेप, बारीक मल्टिस्ट्रँड तार. आणि एक मेलेली साधी नऊ व्होल्टची बॅटरी. तिचं वरचं झाकण आपल्याला लागणार आहे.

कॅपॅसिटरचं माप विकत घेतानाच बघा. बहुतेक ५ फॅरडचा १० मिलिमीटर व्यासाचा आणि २० मिलिमीटर उंच असतो. १० फॅरडचा साधारण ३० मिलिमीटर उंच असतो आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या ४८ बाय २६ बाय १७ मिलिमीटरच्या जागेत तसे चार मावत नाहीत. मोठा घेण्याचा मोह इथेच आवरा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती नाण्यासारख्या चपट्या, ५.५ व्होल्ट, १ फॅरड असं छापलेल्या कॅपॅसिटरने. दोन लावले की ११ व्होल्ट, अर्धा फॅरड, आणि किती छोटे, असं वाटतं. पण ते घड्याळाची किंवा मेमरीची नोंद टिकवण्यासाठी बनवलेले असतात. त्यांचा आतला विरोध दहा-वीस ओहमच्या घरात किंवा त्याहून जास्त असतो. आवाजाचा बोर्ड २०० मिलीअँपिअर ओढू लागला की दोन नाण्यांत मिळून चार ते आठ व्होल्ट आतच जिरतात. मीटरवर पूर्ण भरलेला दिसतो आणि लोड आला की लगेच झोपतो. उभट डबीवाल्यांचा आतला विरोध एका ओहमच्या बराच खाली असतो, म्हणून तेच घ्यायचे.

चार मालिकेत जोडले की ५ भागिले ४, म्हणजे १.२५ फॅरड होतात, आणि सोसण्याची मर्यादा १०.८ व्होल्टची होते. बोर्ड २०० मिलीअँपिअर ओढतो आणि ८ पासून ५ व्होल्टपर्यंत काम करतो असं धरलं, तर १.२५ गुणिले ३ भागिले ०.२, म्हणजे जवळपास १९ सेकंद मिळतात. लागतात पाच-सात. तिप्पट जागा राखलेली बरी, कारण वयानुसार फॅरड घटत जातात.

खरा की खोटा

ऑनलाइन बाजारात ५ छापून ३ फॅरडचा माल सर्रास विकला जातो. तपासायला महागडं यंत्र लागत नाही. दोन निकेल-मेटल हायड्राइड एए सेल मालिकेत जोडा, १० ओहम, १ वॅटच्या रेझिस्टरमधून एकेक कॅपॅसिटर चार-पाच मिनिटं भरा. दोन साधे अल्कलाइन सेल वापरू नका. नवे असतील तर त्यांचे तीन व्होल्टच्या वर जातात आणि मर्यादा २.७ ची आहे. भरल्यावर सेल काढून घ्या, व्होल्टेज लिहा, तोच १० ओहमचा रेझिस्टर कॅपॅसिटरवर टेकवा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा. व्होल्टेज सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर, म्हणजे २.४ वरून ०.८९ वर यायला जेवढे सेकंद लागतील, त्याला दहाने भागलं की फॅरड. पन्नास सेकंद लागले तर ५ फॅरड. तिशीतच आटोपलं तर तो परत करा. सहांतले एकमेकांच्या जास्तीत जास्त जवळ येणारे चार निवडा. मालिकेत सर्वांत छोट्या घागरीच्या डोक्यावर सर्वांत जास्त व्होल्टेज चढतं, म्हणून जुळणी महत्त्वाची.

संच बांधणे

सुपर कॅपॅसिटरचा लांब पाय प्लस असतो आणि अंगावरचा पट्टा मायनसच्या बाजूला. उलटा लागला तर तो लगेच फुटेलच असं नाही, पण आतून खराब होतो आणि नंतर दोष शोधताना छळतो.

चारही टेबलावर आडवे ठेवा. दोन-दोन समोरासमोर, पायांची टोकं मध्ये तोंडाला तोंड, आणि अशा दोन ओळी शेजारी-शेजारी. मध्ये सात मिलिमीटरची फट सोडा. संच सत्तेचाळीस लांब, वीस रुंद, दहा जाड होतो आणि खणात बसतो. पहिल्याचा प्लस समोरच्या दुसऱ्याच्या मायनसला. दुसऱ्याचा प्लस शेजारच्या ओळीतल्या तिसऱ्याच्या मायनसला. तिसऱ्याचा प्लस त्याच्यासमोरच्या चौथ्याच्या मायनसला. यू आकाराचा फेरा मारून साखळी पहिल्याच्या शेजारी परत येते. त्यामुळे संचाचे दोन्ही बाहेरचे पाय एकाच बाजूला मिळतात, आणि म्हणूनच ते एकमेकांना चिकटण्याची भीतीही तिथेच असते. पाय कापायच्या आधी दोघांवर श्रिंक ट्यूब चढवा.

पाय बुडख्यापासून तीन मिलिमीटर सोडून मगच वाकवा. सोल्डरिंगची इस्त्री ३५० अंशांच्या आसपास, आणि एका सांध्याला तीन सेकंदांहून जास्त नाही. नाही लागलं तर थंड होऊ द्या, फ्लक्स लावा आणि पुन्हा प्रयत्न करा. इस्त्री दाबून धरून ‘वितळेलच आता’ म्हणत राहिलात तर आतला इलेक्ट्रोलाइट तापतो.

प्रत्येक कॅपॅसिटरच्या दोन पायांवर एकेक १० किलो-ओहमचा रेझिस्टर आडवा डाखा. हे चौघांना समान व्होल्टेजवर धरून ठेवतात. आणखी एक फायदा होतो. गाडी बंद केल्यावर संच यांच्यामधून सावकाश उतरत जातो. १.२५ फॅरड आणि ४० किलो-ओहम, म्हणजे चौदा तासांत ३७ टक्क्यांवर. विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांत तो आपोआप निर्धोक झालेला असतो.

झेनर संचाच्या दोन बाहेरच्या टोकांवर बसतो, अंगावरचा पट्टा प्लसकडे. उलटा बसला तर संच पाऊण व्होल्टच्या वर चढणारच नाही. नीट बसला तर व्होल्टेज नऊच्या आसपास थबकतं आणि प्रत्येक कॅपॅसिटरच्या वाट्याला सव्वादोन व्होल्टच येतात. ५० मिलीअँपिअरच्या चार्जिंगला झेनरमध्ये अर्ध्या वॅटच्या आतच उष्णता होते, आणि बंद खणात १ वॅटच्या डायोडला एवढीच परवडते. म्हणूनच आधी करंट मोजायला सांगितलं.

करंट ५० च्या वर निघाला होता त्यांनी संचाचा प्लस थेट बाहेर न काढता १०० ओहममधून काढायचा आणि त्या रेझिस्टरवरच शॉटकी डायोड समांतर बसवायचा, पट्टा इंजिनाच्या बाजूला. भरताना करंट रेझिस्टरमधून हळू येतो आणि देताना डायोडमधून झटक्यात जातो. तिथे पाव-अर्धा व्होल्ट घटेल, तेवढी सोसावी. डायोड विसरलात तर बोर्डाने २०० मिलीअँपिअर मागताच रेझिस्टर २० व्होल्ट मागेल, आणि आपल्याकडे आहेत नऊ. आवाज तिथेच बंद.

टोपीचा घोळ

संच जोडायला बाजारातून लाल-काळ्या तारांची नऊ व्होल्टची टोपी आणली जाते आणि ‘लाल म्हणजे प्लस’ म्हणून ती तशीच डाखली जाते. ती टोपी बॅटरीवर बसण्यासाठी बनवलेली आहे. तुम्ही तिला बॅटरीच्या जागी वापरताय, म्हणजे आरशातली प्रतिमा झाली. इंजिनातल्या टोपीचं प्लसचं मोठं तोंड तुमच्या टोपीच्या छोट्या गोल बुटणावर बसतं, आणि त्या बुटणाला तुमच्या टोपीत काळी तार आहे. सरळ रंगाने जोडलं की उलटा करंट. टोपीच वापरायची असेल तर काळी तार प्लसला जोडा आणि तिच्यावर लगेच लाल श्रिंक चढवा.

त्यापेक्षा मेलेल्या साध्या बॅटरीचं झाकण बरं. पत्र्याची कड नाकपकडीने उलगडली की दोन बुटणांची पट्टी सुटी निघते. त्यातलं छोटं गोल प्लस, मोठं पाकळ्यांचं मायनस. बॅटरीवर असतं तसंच, गोंधळाला जागा नाही. ही पट्टी संचाच्या चपट्या बाजूवर बसवा, टोकाला नको. लांबीत जागा उरत नाही, जाडीत सात मिलिमीटर उरते. सगळ्यावर कॅप्टन टेपचे दोन वेढे घ्या, मग रुंद श्रिंक. इंजिनात घालण्याआधी मीटरने डायोड उलटे बसलेले नाहीत ना, हे एकदा बघा.

खण साफ करणे

जुनी बॅटरी पाझरली असेल तर तो थर क्षाराचा, म्हणजे अल्कलीचा असतो. मोटारीच्या बॅटरीवर खायचा सोडा टाकायची सवय इथे उपयोगाची नाही. तिथे आम्ल असतं. इथे कानकाडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचे दोन थेंब घेऊन थर फेसाळेपर्यंत पुसा. मग इन्व्हर्टरमध्ये घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. नेलपॉलिश काढायचं द्रव नको, त्यातल्या अॅसिटोनने प्लास्टिकची बॉडी आणि रंग विरघळतो. नळाचं पाणीही नको. भाद्रपदात हवाच ओली असते, म्हणून धुतल्यावर पंख्याखाली रात्रभर उघडं ठेवा. हिरवी पडलेली तार वरून घासून भागत नाही. इन्सुलेशनच्या आतही ती काळी पडलेली असते, चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापून नवी जोडा.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. निकेल-कॅडमियममधलं कॅडमियम विषारी आहे. ई-कचरा घेणाऱ्याकडे जाईपर्यंत टोकांवर टेप लावून डबीत ठेवा.

धूर सोडणाऱ्या इंजिनात संच स्मोक युनिटपासून आणि बोर्डाच्या उष्णता पसरवणाऱ्या पत्र्यापासून जितका दूर जाईल तितका बरा. या कॅपॅसिटरची मर्यादा बहुधा ६५ अंशांची असते, आणि दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशोब आहे.

पहिली चाचणी

रिकामा संच भरायला वेळ घेतो. २० मिलीअँपिअरने भरणाऱ्या बोर्डावर आठ व्होल्ट गाठायला आठ-नऊ मिनिटं, ५० ने सव्वातीन मिनिटं. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून दहा मिनिटं नुसता करंट द्या. पहिल्या प्रोटोसाउंडमध्ये हा नियम मोडू नका. तिथे मेलेली बॅटरी किंवा अर्धा भरलेला कॅपॅसिटर असताना दिशा बदलली वा करंट तोडला, तर चिपमधल्या नोंदी विस्कटून इंजिन जागीच अडकू शकतं. मग आवाज येतो, चाक हलत नाही.

दहा मिनिटांनी मीटर लावा. संचावर साडेआठ-नऊ व्होल्ट हवेत, आणि एकेका कॅपॅसिटरवर एकमेकांपासून ०.२ व्होल्टच्या आतला फरक. एकावर २.६ आणि दुसऱ्यावर १.८ दिसले तर १० किलो-ओहमच्या रेझिस्टरांपैकी एखाद्याचा सांधा सुटलेला आहे किंवा एक कॅपॅसिटर गळतोय. आता करंट तोडा आणि सेकंद मोजा. आवाज पाच-सात सेकंद टिकून नीट मिटला पाहिजे. लगेच तुटला पण मीटर नऊ दाखवत होता, तर नाण्याचा कॅपॅसिटर, विसरलेला डायोड किंवा टोपीचा सैल सांधा, या क्रमाने शोधा. संच सहा-सात व्होल्टच्या वर चढतच नसेल तर झेनरचा आकडा भिंगाखाली वाचून बघा. दुकानात ६.८ आणि ९.१ एकाच खणात पडलेले असतात. दोन-तीन सेकंदच टिकतो, मीटर बरोबर, सांधे बरोबर, असं असेल तर कॅपॅसिटर खोटे आहेत. आधी तपासले नसतील त्यांनी परत वरचा परिच्छेद वाचावा.

पुन्हा उघडून काम करायचं असेल तर भरलेल्या संचाला स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ४० जूलची ठिणगी टोकाला खड्डा पाडते. दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब दोन टोकांवर लावा. तो उजळून मंद होत विझला की संच रिकामा झाला, मीटरचीही गरज नाही.

एचओ गेजचं (ओ गेजहून लहान मापाचं) डीसीसी इंजिन, म्हणजे रुळातून डिजिटल हुकूम घेऊन आतल्या डिकोडरने चालणारं इंजिन, असणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथे बॅटरी नसते, पण घाणेरड्या रुळावर आवाज तुटू नये म्हणून असाच संच लावता येतो. व्होल्टेज जास्त असल्याने २.७ व्होल्ट, १ फॅरडचे सहा घ्यावे लागतात आणि १०० ओहम-डायोडची जोडी तिथे हवीच. निळी तार प्लस असते, मायनसची जागा मात्र डिकोडरच्या माहितीपत्रकातूनच शोधायची.

यापुढे दरवर्षी स्थापनेच्या आदल्या दिवशी चाकं आणि रूळ पुसून इंजिन दहा मिनिटं न्यूट्रलमध्ये उभं करा, मगच आराशीत लावा. काही इंजिनांच्या पोटाला बॅटरी चार्जरचं भोक असतं, त्यात आता चार्जर घालायचा नाही. हे तुमच्या लक्षात राहील, पण दहा वर्षांनी खोका उघडणाऱ्या पुतण्याला कसं कळणार? खणाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून ठेवा: ‘आत कॅपॅसिटर आहे, बॅटरी नाही. चार्जर लावू नये. दहा मिनिटं भरू द्यावे.’ आणि खाली तारीख.